दोघांत वाटून अर्धं होत नाही

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणारीला २४वा आठवडा चालू आहे आणि पोटात जुळी आहेत. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं इथे देते.

"डॉक्टरताई, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, तेव्हा मला अगं-तुगंच करा. रिपोर्टवर डीसीडीए ट्विन्स लिहिलंय, म्हणजे दोघांची वार वेगळी, पिशवी वेगळी. म्हणजे बाळं एकसारखी दिसणारी नसणार ना? गेल्या आठवड्यात एकाचं वजन ६५० ग्रॅम आलं, दुसऱ्याचं ५९०. तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद, एक दुसऱ्याचं ओढून घेतंय. आणि आईकडून बाळाला जी प्रतिकारशक्ती मिळते तीही दोघांत वाटली जाणार, म्हणजे अर्धी-अर्धी. मी रात्री मोबाईलवर शोधत बसले आणि आणखीच घाबरले. सरकारी दवाखान्यात टीडीची दोन इंजेक्शनं झालीत. आमच्या डॉक्टर म्हणतात, अठ्ठाविसाव्या आठवड्यात टीडॅप घ्या. जुळ्यांसाठी डबल डोस लागतो का? माझा रक्तगट बी निगेटिव्ह, यांचा ओ पॉझिटिव्ह, त्याचंही एक इंजेक्शन सांगितलंय. न्यू जर्सीच्या जाऊबाईंनी त्यांच्या वेळी आरएसव्हीची लस घेतली होती, ती मला का नाही सांगितली? आणि चिकाचं दूध पहिल्या दिवशी द्यायचं की नाही, यावर घरात दोन पक्ष पडलेत."

अगं, तुझी सगळी भीती सासूबाईंच्या त्या 'अर्धी-अर्धी'मध्ये आहे, म्हणून आधी तीच काढते. पोळी एक आणि मुलं दोन असली की त्यांचा हिशोब चुकत नाही. पण ही प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी, आणि त्या म्हणजे पोळी नव्हे. ही विहीर आहे, आणि तिला झरे आहेत.

कागद-पेन्सिल घे. तुझं वजन साठेक किलो धरते. बाळापर्यंत जी अँटिबॉडी पोचते तिचं नाव आयजीजी. ती तुझ्या रक्तातल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेल्या पाण्यात, लिटरला साधारण १० ग्रॅम असते. तीन लिटर प्लाझ्मा धरला तर झाले ३० ग्रॅम, आणि जवळपास तेवढीच रक्तवाहिन्यांच्या बाहेर, पेशींभोवतीच्या पाण्यात. शिवाय तुझं शरीर रोज साधारण २ ग्रॅम नवी तयार करतं. आता अडीच किलोचं बाळ घे. त्याच्या अंगात रक्त जेमतेम २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन कप. त्यातला निम्मा प्लाझ्मा. त्यात आयजीजी भरेल एक ग्रॅमच्या आसपास, बाहेरची धरली तर दोन. दोघांचे मिळून चार ग्रॅम. म्हणजे तुझ्या शरीराची दोन दिवसांची कमाई. तीही त्यांना एकदम न्यायची नाही, पाच-सहा महिन्यांत हळूहळू न्यायची आहे. आता सांग, यात विहीर आटेल कशी?

पाणी वर कसं चढतं, ते बघण्यासारखं आहे. माझ्या आजोळी अलिबागकडे वाडीत रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी एकामागून एक पाण्यात बुडायची, भरून वर यायची, पन्हाळीत रिकामी व्हायची आणि पुन्हा खाली. वारेचं काम थेट असंच चालतं. वारेच्या ज्या पेशी तुझ्या रक्तात भिजलेल्या असतात, त्या तुझ्या रक्तातलं पाणी बारीक बारीक बुडबुड्यांत घोट घोट आत घेतात. बुडबुडा आत गेला की त्यात थोडा आंबटपणा वाढतो. त्या आंबट पाण्यात एफसीआरएन नावाचा एक रेणू आयजीजीला घट्ट धरतो. बुडबुडा पेशीच्या दुसऱ्या टोकाला, बाळाच्या बाजूला उघडला की तिथे आंबटपणा नसतो. पकड आपोआप सुटते, आयजीजी बाळाकडे जाते आणि गाडगं परत फिरतं. ब्रॅम्बेल नावाच्या शास्त्रज्ञाने असा काही पकडणारा रेणू असलाच पाहिजे, हे १९५८ साली नुसत्या तर्काने मांडलं होतं. प्रत्यक्ष हातात तो पुष्कळ वर्षांनी आला.

या गाडग्यात बसते ती फक्त आयजीजी. आयजीएम ही पाच जोडून केलेली बोजड अँटिबॉडी, ती चढत नाही. आयजीएसुद्धा या वाटेने जात नाही. ती दुधातून जाते, चिकाच्या भांडणात तिची गाठ पडेल.

आता तुझी जुळी. दोघांची वार वेगळी, म्हणजे एका विहिरीवर दोन रहाट. एकाची गाडगी दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी उपसत नाहीत. प्रत्येक बाळाला किती मिळणार हे त्याच्या स्वतःच्या वारेची तब्येत ठरवते. दोन वारी आहेत म्हणजे बाळं एकसारखी दिसणारी नसणारच, असं मात्र धरून चालू नकोस. एकाच बीजापासून झालेली जुळीसुद्धा, बीज अगदी लवकर विभागलं तर, आपापली वार घेऊन वाढतात. एक मुलगा, एक मुलगी असेल तर प्रश्नच मिटतो, पण ते आपल्याकडे कायद्याने बाळंतपणाआधी कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

ज्या वाचक भगिनींच्या रिपोर्टवर एमसीडीए लिहिलेलं असेल, म्हणजे वार एक आणि बाळं दोन, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तिथे रहाट एक आणि पाट दोन, आणि वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. वारेचा वाटा दोघांना सारखा मिळेलच असं नाही. तिथली मोठी काळजी अँटिबॉडीची नसून रक्ताची असते, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी सांगतात. "मागच्याच महिन्यात केली होती की" म्हणून ती चुकवू नका.

६५० आणि ५९०. यात साठ ग्रॅमचा फरक आहे, म्हणजे मोठ्याच्या वजनाच्या नऊ टक्के. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते ती वीस-पंचवीस टक्क्यांना. सोनोग्राफीचं वजन हा अंदाज असतो, तराजू नव्हे, एवढा फरक मोजण्यातच येऊ शकतो. पुढच्या सोनोग्राफीत दोघंही आपापल्या रेषेवर वाढतायत की नाही, ते बघायचं. एकाची वाढ खरोखर खुंटली तर त्याची वार दमलेली असते. अशा बाळाला अँटिबॉडीही कमी मिळू शकतात, पण त्याचं कारण भावंडाने ओढून घेणं हे नसतं. सासूबाईंना एवढं सांग की पोटातली दोघंही अजून भांडायला शिकलेली नाहीत.

मग जुळ्यांच्या नाळेच्या रक्तात अँटिबॉडी कमी सापडल्या, असं जे तू रात्री वाचलंस, ते खोटं का? खोटं नाही. त्यामागचं कारण मात्र बहुतेक वेळा वेगळं असतं. जुळी लवकर जन्मतात.

माझं सगळं सांगणं इथे येऊन थांबतं. रहाट तेराव्या आठवड्याच्या सुमाराला फिरायला लागतो, पण सुरुवातीला अगदी संथ. १७ ते २२ आठवड्यांत बाळाच्या रक्तात आईच्या पाच ते दहा टक्के आयजीजी असते. २८ ते ३२च्या दरम्यान ती निम्म्याच्या आसपास येते. मग जो वेग घेते तो शेवटच्या महिन्यात. पुरे दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईपेक्षाही जास्त निघते. बाळाकडे आईपेक्षा वरचढ असं काही त्या वेळी असेल तर ते हेच. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत जन्माला येतात. म्हणजे भावंडात वाटून घेतल्याने त्यांचं नुकसान होत नाही, शेवटचे काही आठवडे हातचे गेले म्हणून होतं. भीती बाळगायचीच असेल तर आठवड्यांची बाळग. त्यावर करण्यासारखं काहीतरी आहे, वाटणीवर काहीच नाही.

आता तुझं टीडॅप. आमच्या ओपीडीतही आज्या विचारायच्या, आईच्या दंडाला टोचून बाळाला काय मिळणार? त्यांना मी उलट विचारायची, तुम्हाला पोटुशी असताना धनुर्वाताचं टोचलं होतं का? बहुतेकींना टोचलेलं असायचं, कारण १९८५च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमापासून ते गावोगाव पोचलं. ते टोचणं आईसाठी होतंच, पण खरं बाळासाठी होतं. नाळ कापताना जंतू शिरला तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढायचं थांबायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. नवजात बाळाचा धनुर्वात मी शिकत असताना वॉर्डात पाहिला आहे. वर्णन करत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं जाहीर केलं. स्वच्छ बाळंतपणाबरोबर त्यात या रहाटाचा मोठा हात आहे. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे तुझा नवरा, त्याच पाण्यावर तगला असेल. विचार त्यांना.

तुला मिळालेल्या टीडीत धनुर्वात आणि घटसर्प या दोनच गोष्टी आहेत. डांग्या खोकला नाही. तो टीडॅपमध्ये आहे आणि तुझ्या बाळांसाठी महत्त्वाचा आहे. मोठ्या माणसाला तो महिनाभर छळणारा खोकला वाटतो. दोन महिन्यांच्या बाळाला तो श्वास थांबवून निळं करतो. बाळाची स्वतःची पहिली पेंटाव्हॅलंट लस (पाच रोगांवरची, डांग्या खोकलाही त्यात) सहाव्या आठवड्यात, मग दहाव्या, मग चौदाव्या. जन्मापासून तिथपर्यंत डांग्या खोकल्याविरुद्ध बाळाकडे जे असेल ते तुझ्याकडून आलेलं. टीडीची दोन इंजेक्शनं झाली म्हणून टीडॅप घेता येत नाही, असं काही नाही.

डबल डोस नको. लस म्हणजे औषध नव्हे, की दोन पोटांना दोन चमचे. ती तुझ्या शरीराला एकदा खूण पटवते, पुढचं शरीर बघतं. एक बाळ असो की दोन, अँटिबॉडी तेवढ्याच जोमाने तयार होतात, आणि दोघांना त्या किती पुरतात ते वरच्या चार ग्रॅमांच्या हिशोबात तू पाहिलंसच.

वेळेचं मात्र काटेकोर राहा. टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. टोचल्यावर तुझ्या रक्तात पातळी चढायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि मग रहाटाला उपसायला वेळ हवा. एकट्या बाळाची आई चौतिसाव्या आठवड्यात घेते, तरी तिचं निभावतं. तुझं निभावेलच असं नाही. अशा वेगळ्या वारेच्या जुळ्यांचं बाळंतपण सगळं सुरळीत असलं तरी ३७-३८ला करतात, आणि मध्येच आधी झालं तर आणखी लवकर. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेला अठ्ठाविसावा आठवडा अगदी योग्य आहे. पुढे ढकलू नकोस. "या आठवड्यात पाहुणे आहेत" हे कारण मी तीस वर्षं ऐकलं आहे. ब्रिटनमध्ये तर २०१६पासून ही लस सोळाव्या आठवड्यापासूनच देऊ लागले, आणि त्यामागे लवकर जन्मणारी बाळं हेही एक कारण होतं.

तू विचारलं नाहीस, पण फ्लूची लसही विचार. ती मृत विषाणूची असते आणि गरोदरपणात चालते. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा गरोदर बायकांचे किती हाल झाले ते आम्ही पाहिलं. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला जे मिळेल ते आईच्या दंडातून. गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लशी मात्र आता नाहीत, बाळंतपणानंतर.

जाऊबाईंची आरएसव्ही लस, म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना गाठणाऱ्या एका विषाणूवरची, त्याच रहाटावर चालते. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांत, सप्टेंबर ते जानेवारी या मोसमात देतात. ब्रिटनमध्ये अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती नाही, म्हणून तुला कुणी सांगितली नसेल. तुझ्याकडे मिळते का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. अमेरिकेतल्या नियमात जुळ्यांच्या आईने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. लस घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत बाळ जन्मलं तर आईची लस पोचली असं ते धरत नाहीत, बाळालाच तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देतात. बघ, तिथेही पुन्हा दिवसच मोजतात. मुलखामुलखांत नियम वेगळे असतात, पण रहाटाला लागणारा वेळ सगळीकडे तोच.

आता रक्तगट. इथे एक गंमत आहे, आणि ती जुळ्यांतच दिसते. रहाटाला चांगलं-वाईट कळत नाही. आयजीजी दिसली की उचलली. डांग्या खोकल्याविरुद्धची असो, नाहीतर बाळाच्याच रक्तपेशींवर उठलेली असो. तू आरएच निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं, तर तुझं शरीर त्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं, आणि त्याही चढून बाळाकडे जातात. बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं, कावीळ वाढते. आता तुझी बाळं वेगवेगळ्या बीजांची असतील तर एक पॉझिटिव्ह आणि दुसरं निगेटिव्ह असू शकतं. तेव्हा एकाच आईच्या त्याच अँटिबॉडी दोघांकडे जातात. एकाच्या पेशी फुटतात, दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या पेशींवर ती खूणच नसते.

हे होऊ नये म्हणूनच ते इंजेक्शन आहे, अँटी-डी. अठ्ठाविसाव्या आठवड्याला रक्ताची आयसीटी नावाची तपासणी करून, म्हणजे तशा अँटिबॉडी आधीच झालेल्या नाहीत ना ते बघून, ते देतात. नंतर बाळंतपण झालं की दोघांचेही रक्तगट तपासायचे. एकाचा निगेटिव्ह आला म्हणून दुसऱ्याचा सोडायचा नाही. दोघांतलं एक जरी पॉझिटिव्ह निघालं तरी ७२ तासांच्या आत तुला पुन्हा इंजेक्शन. जुळ्यांच्या बाळंतपणात बाळांचं रक्त आईकडे जास्त येण्याची शक्यता असते, तेव्हा डोस पुरेल का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचार. मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटावर मार लागला तर अठ्ठाविसाव्याची वाट न बघता कळवायचं. टीडॅप आणि अँटी-डी एकाच फेरीत, एक या दंडाला, एक त्या बाजूला, असं घेतलं तरी चालतं. सांगलीला दोन खेपा वाचतील.

चिकाचं दूध. तुझ्या घरात गोठा आहे का, ते पत्रात नाही, पण शेजारी तरी असेल. गाय व्याली की वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजायची घाई असते ना? कारण गायीच्या वारेवर हा रहाटच नाही. वासरू अँटिबॉडीशिवाय कोरं जन्मतं. त्याची आतडी पहिल्या दिवसभरात चिकातल्या अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात ओढून घेतात, मग ते दार बंद होतं. दिवस चुकला की वासरू हागवणीने जातं. (आपण खरवसाच्या वड्या पाडतो त्या वासराच्या वाट्यातूनच.) माणसाच्या बाळाचा माल आधीच वारेतून येऊन बसलेला असतो, म्हणून चिकाचं काम त्याच्यात वेगळं. त्यात आयजीए ठासून भरलेली असते. ती रक्तात जात नाही. घशाला आणि आतड्यांना आतून लेप बसल्यासारखी राहते आणि जंतूंना चिकटू देत नाही. लवकर जन्मलेल्या बाळाची आयजीजी कमी असते आणि आतडीही नाजूक. त्याला हा लेप इतरांपेक्षा जास्त हवा. तेव्हा घरातला जो पक्ष 'पहिल्या दिवशीचं जड असतं, काढून टाका' म्हणतो, तो हरला. गूळपाणी नको, मध तर वर्षभर नको.

पहिल्या दिवशी चीक किती येतो? हाताने पिळून वाटीत काढलास तर तळ जेमतेम झाकेल. बघून बायकांचा धीर सुटतो, दोघांना हे कसं पुरायचं? नवजात बाळाला एका वेळी अर्धा-एक चमचा पुरतो. त्या वाटीतला अर्धा चमचा एकाला, अर्धा दुसऱ्याला, दोन-तीन तासांनी पुन्हा. बाळं पेटीत ठेवली असतील तर सिस्टरना सांगून दोघांच्याही गालाच्या आतून चिकाचे थेंब लावून घे. आणि दूध हीसुद्धा विहीर आहे. दोघांनी ओढलं की दुप्पट झरते. उपसलं नाही तर मात्र आटते, त्यामुळे बाळं पेटीत असताना दर तीन तासांनी काढत राहायचं, रात्रीसुद्धा.

आईने बाळाला दिलेला हा ठेवा वारशाने येतो का, हे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांवर बघितलं होतं. त्याने उंदरांना विषाची सवय करून त्यांच्यात प्रतिकार तयार केला, मग पिल्लं तपासली, एकीची पिल्लं दुसरीच्या अंगावर पाजली. आईकडून पिल्लांना संरक्षण मिळालं, पोटातूनही आणि दुधातूनही. बापाकडून काहीच आलं नाही. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. त्याने दुसरीकडून हातभार लावावा: स्वतः टीडॅप आणि फ्लूची लस घ्यावी, सासूबाईंनाही द्यावी, आणि बारशाला कुणाला खोकला असेल तर दारातूनच नमस्कार घेण्याची जबाबदारी उचलावी. जुळी म्हटलं की बघायला अख्खी आळी लोटते, आणि प्रत्येकीला दोघांचाही पापा घ्यायचा असतो.

जन्मल्यावरचा हिशोब एकदा बघून घे. मिळालेली आयजीजी दर तीन-चार आठवड्यांनी निम्मी होत जाते. सहा महिन्यांपर्यंत बहुतेक संपते. म्हणजे तुझी बाळं निम्म्या पुंजीने जन्मली, तरी पुऱ्या दिवसांच्या बाळापेक्षा तीन-चार आठवडे आधी त्याच पातळीला येतील, एवढंच. हे नुकसान आहे, पण डोंगर कोसळलेला नाही. ते भरून काढायचा उपाय म्हणजे बाळांच्या लशी तारखेला देणं. तारीख म्हणजे जन्मतारखेपासूनची, "दिवस भरले असते तर" धरून काढलेली नव्हे. बाळ बारीक आहे म्हणून थांबायचं नाही, स्थिर असलं की सहाव्या आठवड्याला पहिली पेंटा. मी एका जोडीला विसरणार नाही. थोरल्याला सहाव्या आठवड्यात आणलं, धाकटीला "अजून अंगात जोर नाही, पुढच्या महिन्यात बघू" म्हणून घरी ठेवलं. अडीच महिन्यांची असताना खोकत आली ती धाकटीच. वाचली. पण तिच्या आजीने बाहेरच्या बाकावर जी रात्र काढली ती मला अजून दिसते.

फक्त गोवर-रुबेलाची लस सहाव्या आठवड्यात का देत नाहीत, असं तुला वाटेल. तिथे तुझाच माल आड येतो. तुझ्याकडून गेलेल्या गोवराच्या अँटिबॉडी लशीतल्या विषाणूला बाळाच्या शरीराशी ओळख व्हायच्या आतच गाठतात, आणि लस वाया जाते. त्या उतरेपर्यंत थांबायचं, म्हणून नऊ महिने.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. काढा, च्यवनप्राश, प्रतिकारशक्तीची पावडर, यांनी रहाटाला बैल जुंपले जात नाहीत. लोहाच्या गोळ्या बुडवू नकोस, डाळ-उसळ-अंडं-दूध खा, लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी दाखव, कारण तो जंतुसंसर्ग बाळंतपण अलीकडे ओढू शकतो. पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं किंवा पाणी गेल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही. जितके आठवडे दोघं आत राहतील तितकं बरं.

अठ्ठाविसाव्या आठवड्याला जाताना फाईल घेऊन जा: डीसीडीए लिहिलेला पहिला रिपोर्ट, टीडीच्या तारखा, तुझा आणि नवऱ्याचा रक्तगट. टीडॅप, अँटी-डी, फ्लू, असं हातावर लिहून घे, नाहीतर दवाखान्यात गेल्यावर आपण नेमकं तेच विसरतो. सासूबाईंनाही बरोबर ने. टोचून झालं की त्यांना विचार, त्यांना कितव्या महिन्यात टोचलं होतं. आणि पुढच्या सोनोग्राफीत दोघांची वजनं काय आली, ते मला कळव.